सोन्याचीं मनगटी घड्याळें व गोंडपिपरीची वेळ

जुने कागद, नाणीं, ताम्रपट, शस्त्रें आणि चित्रें यांचा संग्रह करणारी मंडळी महाराष्ट्रांत थोडी नाहीं. परंतु घड्याळ, व त्यांतही सोन्याचें मनगटी घड्याळ, हें इतिहाससाधन आहे असें म्हटलें तर यांपैकीं बहुतेकांच्या ओठांवर हंसूं उमटेल. घड्याळ ही श्रीमंताच्या हौसेची वस्तु, ती परदेशी, तिचें वयही फारसें नाहीं, मग तिचा आमच्या दप्तरांशीं संबंध काय, असा हा आक्षेप आहे. त्याचा विचार करण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे. विवेचनास एखादें ठिकाण धरलेलें असावें म्हणून चंद्रपूर जिल्ह्यांतील गोंडपिपरी हा तालुका आम्हीं घेतला. वर्धा व वैनगंगा या नद्या एकत्र होऊन प्राणहिता होते. त्या संगमाच्या वरच्या अंगास दोन्ही प्रवाहांच्या बेचक्यांत जो जंगली मुलूख येतो, त्यांतील हें गांव. जिनिव्हापासून तें दूर आणि मुंबईपासूनही दूर; आणि म्हणूनच आमच्या कामास सोईचें.

वयाच्या आक्षेपाचें उत्तर कायद्यानेंच दिलें आहे. १९७२ च्या पुरातन वस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें शंभर वर्षें पुरीं झालेली कारागिरीची वस्तु पुरातन समजली जाते; ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात. मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर सर्रास आलें तें १९१४-१८ च्या महायुद्धामुळें. म्हणजे त्या पहिल्या पिढीचीं घड्याळें ही मर्यादा ओलांडून गेलीं असून पुढचीं वर्षागणिक ओलांडीत आहेत. जी वस्तु कायद्यास पुरातन वाटते ती संशोधकास अर्वाचीन वाटावी, हें चमत्कारिक आहे.

परकेपणाचा आक्षेप याहून नाजूक आहे. कालमापन आपल्याकडे नवें नाहीं. बुडाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें घटिकापात्र पाण्यावर तरंगत सोडावें, तें चोवीस मिनिटांत भरून बुडावें, अशा साठ घटिकांचा अहोरात्र, आणि साठ पळांची एक घटिका, ही गणना आपल्या पंचांगांत आजही आहे. लग्नाच्या मुहूर्तासाठीं घटिकापात्र मांडून बसलेला जोशी पूर्वीं गांवोगांव दिसे, आणि ‘घटका भरली’ हा प्रयोग भाषेंत राहिला तोही त्या पात्रावरूनच. ज्यास आपण आज ‘तास’ म्हणतों तो शब्द मूळचा फारशी वाडग्याचा वा थाळीचा. टोल देण्याच्या थाळीवरून तो काळाच्या मापास चिकटला. ‘घड्याळ’ या शब्दांतही घटीच दडलेली आहे. तात्पर्य, युरोपांतून चाकांचें यंत्र आलें तेव्हां नांवें आणि सवयी येथें तयारच होत्या. यंत्र मात्र एक निराळीच गोष्ट घेऊन आलें. घटिकापात्र सूर्योदयापासून मोजी, आणि सूर्योदय ज्या गांवचा त्या गांवचा. घड्याळ दुसऱ्या गांवची वेळ खिशांत घालून आणूं शकतें. दप्तरांचे वाचन करणारांनीं या फरकाकडे द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं, असें आमचें मत आहे.

याचें गणित गोंडपिपरीवर मांडून पाहूं. गांवाचें पूर्व रेखांश सुमारें ७९ अंश ४१ कला. तेथील मध्यम स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढें ५ तास १८ मिनिटें ४४ सेकंदांच्या आसपास पडते. रेल्वेनें १८७० च्या सुमारास आपल्या कारभारासाठीं मद्रासची वेळ स्वीकारली. ती ग्रीनिचच्या पुढें ५ तास २१ मिनिटें १४ सेकंद. मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटें. कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटांवर कांहीं सेकंद. आतां गोंडपिपरीस मध्यम माध्यान्ह झाली, म्हणजे स्थानिक बारा वाजले, असें धरा. त्याच क्षणीं रेल्वेच्या बाबूचें घड्याळ बारा वाजून अडीच मिनिटें दाखवील. मुंबईहून आलेल्या व आपलें घड्याळ न बदललेल्या व्यापाऱ्याचें अकरा बत्तीस. कलकत्त्याच्या अधिकाऱ्याचें बारा पस्तीसच्या घरांत. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हांपासून तोच क्षण बारा वाजून सुमारें सव्वाअकरा मिनिटांचा झाला. आणि दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळें तासभर पुढें ठेवलेलीं होतीं, त्या मुदतींत तोच क्षण दुपारच्या एक वाजून अकरा मिनिटांचा. सावलीचें घड्याळ लावून पाहणारानें आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा: मध्यम सूर्य व प्रत्यक्ष सूर्य यांत फेब्रुवारींत सुमारें चौदा आणि नोव्हेंबरच्या आरंभीं सुमारें सोळा मिनिटांचें अंतर पडतें.

यावरून हें दिसून येईल कीं, १९०६ पूर्वींच्या एखाद्या रोजनिशींत ‘दिवसां अकरा वाजतां’ असें वाक्य आलें तर तें कोणाच्या अकरा वाजतां, हें ठरविल्याशिवाय तें वाक्य पुरतें वाचलें असें होत नाहीं. मुंबईच्या बाबतींत तर १९०६ नंतरही हा प्रश्न सुटत नाहीं. शहरानें आपली वेळ सोडण्यास नकार दिला. गिरण्यांतील कामगारांनीं जानेवारी १९०६ मध्येंच विरोध केला, महापालिकेनेंही जुन्या वेळेचीच बाजू घेतली, आणि प्रमाणवेळेच्या एकुणचाळीस मिनिटें मागें असलेली मुंबईची वेळ शहराच्या कांहीं व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकली. पंधरा-वीस मिनिटांच्या फरकानें राज्यें बुडत नाहींत हें खरें. पण कागदाची तारीख ठरवितांना शिक्क्याच्या एका अक्षरावर पानेंच्या पानें खर्च करणारांनीं वेळेबद्दल मात्र उदास असावें, हें आम्हांस योग्य दिसत नाहीं.

आतां मनगटी घड्याळाकडे येतों. त्याचा आरंभ स्त्रियांच्या अलंकारांत आहे. नेपल्सची राणी कॅरोलीन म्युरा हिनें १८१० सालीं ब्रेगे या पॅरिसच्या कारागिराकडून मनगटावर बांधावयाचें घड्याळ मागविलें, आणि १८६८ सालीं जिनिव्हाच्या पातेक फिलिप या पेढीनें एका हंगेरियन सरदार-स्त्रीसाठीं तसेंच एक केलें. पुरुषांस तें बायकी वाटे; त्यांचें घड्याळ साखळीला बांधून अंगरख्याच्या खिशांत. बोअर युद्धांत शिपायांनीं खिशांतील घड्याळें चामड्याच्या पट्ट्यांत बसवून हातास बांधलीं, आणि पहिल्या महायुद्धांत खंदकांतून एकाच क्षणीं तोफा डागावयाच्या व एकाच क्षणीं पुढें सरावयाचें असें ठरूं लागल्यावर खिसा चांचपण्यास वेळ उरला नाहीं. या युद्धांत हिंदी फौजाही होत्या. मुंबई व कलकत्ता येथें व्यापार असलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीनें आपल्या एका घड्याळास ‘सोवार’ हें नांव दिलें होतें. आपला ‘स्वार’ हा शब्द अशा रीतीनें स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत जाऊन तबकडीवर बसून परत आला. मुंबईत त्याहून जुनी पेढी म्हणजे फेवर-ल्यूबा यांची. या घराण्याचा धंदा ल लोक्ल या गांवीं १७३७ पासूनचा आणि मुंबईतील शाखा १८६५ ची. पुढें १९३१ सालीं निघालेलें ‘रिव्हर्सो’ नांवाचें चौकोनी घड्याळ तर हिंदुस्थानांतल्याच गरजेतून जन्मलें. येथील पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या कांचा फुटत. सेझार द त्रे या व्यापाऱ्यानें ती तक्रार ऐकून स्वित्झर्लंडांत सांगितली, आणि डबी उलटी फिरवून कांच आंत लपविण्याची युक्ति निघाली. परकेपणाच्या आक्षेपास एवढें उत्तर पुरें आहे.

गोंडपिपरीसारख्या मुलुखांत सोन्याचें घड्याळ कोणाच्या हातीं येण्याचा संभव होता, हें जमीनधाऱ्याच्या पद्धतीवरून ठरतें. चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, आणि तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारल्यावर भोसल्यांचें राज्यही इंग्रजांनीं खालसा केलें. त्यापुढें मालगुजारी व जमीनदारी यांचा अंमल होता. मालगुजार, जमीनदार, जंगलाचे ठेकेदार आणि चांद्याचे वकील हे या वस्तूचे ग्राहक. १९२९ च्या सुमारास बल्लारशहा-काझीपेट मार्ग पुरा होऊन दिल्ली व मद्रास यांच्यामधील गाड्या या जिल्ह्यांतून धांवूं लागल्या, तेव्हां मुंबईचा माल आणि रेल्वेची वेळ दोन्ही अधिक जवळ आलीं. घड्याळ विकत घेण्याचे प्रसंगही ठरलेले असत: लग्नांत जांवयास देणें, नोकरींतून निवृत्त होणाऱ्यास भेट, आणि क्वचित् पुत्रानें परीक्षा दिल्याबद्दल. म्हणून पाठीवर नांव, तारीख व निमित्त कोरलेलें घड्याळ मिळाल्यास तें एक लहानसें दानपत्रच समजावें. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी व जमीनदारीचे मालकी हक्क संपुष्टांत आले. ज्या घरांचें उत्पन्न जमिनीवर होतें त्यांच्या पेट्यांतील सोनें त्यानंतर बाहेर पडूं लागावें, हें ओघानेंच आलें.

या जिल्ह्याच्या इतिहासांत याचें मोठें उदाहरण आधींच घडून गेलेलें आहे. नागपूर खालसा केल्यावर भोसल्यांच्या वाड्यांतील हत्ती, घोडे, सामान यांचे लिलांव झाले, आणि जवाहीर कलकत्त्यास नेऊन हॅमिल्टन आणि कंपनी या जवाहिऱ्यांच्या पेढीमार्फत विकण्यांत आलें. त्या जवाहिरांतील कोणता हार कोणत्या प्रसंगीं कोणीं दिला, ही माहिती मालाबरोबर गेली नाहीं. वजन व किंमत एवढेंच गेलें. आमच्या मतें संग्राहकाचें खरें काम या दोन गोष्टींची ताटातूट थांबविणें हें आहे, मग वस्तु भोसल्यांची असो कीं एखाद्या ठेकेदाराची.

घड्याळ वाचावयाचें कसें? त्यावर मजकूर चार ठिकाणीं असतो, आणि चारही ठिकाणचा लेखक निराळा असतो. तबकडीवरील नांव पुष्कळदां बनविणाऱ्याचें नसून विकणाऱ्याचें असतें. त्यावर भिस्त ठेवूं नये. कारण तबकड्या काळवंडल्या कीं त्या पुन्हां रंगविण्याचा धंदा मुंबईत जोरांत चालत आला आहे, आणि रंगविणारा गिऱ्हाईकास आवडेल तें नांव घालतो. ज्यांनीं बनावट सनदा पाहिल्या आहेत त्यांस हें नवें वाटणार नाहीं. अक्षरांची जाडी एकसारखी नसणें, बारा आंकड्यांच्या खुणा कांट्याच्या टोकाशीं न जुळणें, जुन्या डबींत तबकडी नव्या चुन्यासारखी पांढरी असणें, हीं त्याचीं लक्षणें.

दुसरा मजकूर डबीच्या झांकणाच्या आंतल्या अंगास असतो, आणि सोन्याच्या घड्याळांत हाच सर्वांत बोलका. स्वित्झर्लंडांत १८८० च्या कायद्यानें शासकीय ठसे ठरले: अठरा कॅरट सोन्यावर हेल्व्हेशिया देवतेचें मस्तक, चौदा कॅरटावर खार. १९९५ पासून त्यांची जागा एका कुत्र्याच्या मस्तकानें घेतली आहे. जुन्या म्हणून दाखविलेल्या डबीवर हें कुत्रें आढळल्यास अधिक चौकशी करण्याचें कारण उरत नाहीं. उलट १९०७ नंतर ब्रिटनमध्यें आयात झालेल्या डब्यांवर तेथील परीक्षालयांचे आयातीचे ठसे व दरवर्षीं बदलणारें अक्षर असतें. यावरून घड्याळाचा मार्ग कळतो. ज्यावर केवळ हेल्व्हेशिया आहे तें ब्रिटनच्या परीक्षालयांतून गेलेलें नसून थेट आलेलें असण्याचा संभव अधिक. ज्यावर आयातीचा ठसा आहे तें लंडन, ग्लासगो अशा ठिकाणांहून फिरून आलेलें, आणि त्याचें वर्षही त्या एका अक्षरानें मिळतें. शिलालेखांत शक असावा तसाच हा प्रकार आहे. नऊ कॅरट, म्हणजे हजारांत ३७५ भाग सोनें, हा ब्रिटनचा रिवाज; बावनकशी सोन्याची सवय असलेला आपला सोनार त्यास कसोटीवर घासून हंसेल. ज्यावर ठसा मुळींच नाहीं व ‘वीस वर्षांची हमी’ अशा अर्थाची अक्षरें आहेत, तें सोन्याचा पत्रा चढविलेलें रोल्डगोल्ड समजावें. पट्टा अडकविण्याच्या कानांशीं व कडांवर झिजून पितळ दिसूं लागलें म्हणजे निकाल लागलाच.

तिसरा मजकूर यंत्रावर असतो: बनविणाऱ्याची खूण, माणकांची संख्या, अनुक्रमांक. पातेक फिलिप, व्हाशरों कॉन्स्तांतें यांसारख्या पेढ्यांनीं आपल्या वह्या जपून ठेवल्या आहेत, आणि यंत्राचा व डबीचा क्रमांक कळविल्यास त्या वह्यांतील उतारा देतात. पातेकच्या उताऱ्यांत घडल्याचें वर्ष व विकल्याची तारीख मिळते. घेणाऱ्याचें नांव मात्र देत नाहींत. दप्तरांतून उतारे काढण्यांत हयात घालविलेल्या आमच्या वाचकांस या सोयीचें महत्त्व सांगावयास नको.

चौथा मजकूर सर्वांत दुर्लक्षित आहे. घड्याळजी घड्याळ दुरुस्त करतांना झांकणाच्या आंतल्या अंगास सुईच्या टोंकानें बारीक आंकडे, आद्याक्षरें किंवा तारीख ओरखडून ठेवतात. भिंग लावल्याखेरीज तीं दिसत नाहींत. एकाच झांकणावर निरनिराळ्या हातांचे असे शेरे आढळले तर तें घड्याळ किती वेळां व किती काळ वापरांत होतें याचा तो अस्सल पुरावा असतो. सराफ विकण्यापूर्वीं झांकण चकाकित करतो तेव्हां प्रथम हेच शेरे जातात. एखाद्यानें फर्मानावरील शेरा अस्वच्छ दिसतो म्हणून खरडून काढावा, तसें हें आहे.

यंत्राविषयीं थोडेंसें सांगणें जरूर आहे, कारण सोन्याच्या मोहानें तेंच विसरलें जातें. चावी दिली कीं गुंडाळलेली कमान उलगडूं लागते. तिचें बळ चाकांच्या माळेतून शेवटच्या दांतेरी चाकापर्यंत येतें. तेथें एक नांगर त्यास पाळीपाळीनें अडवितो व सोडतो. आणि नांगरास चाल देणारें तोलचक्र केसासारख्या कमानीवर मागेंपुढें डोलतें. जुन्या घड्याळांत हे ठोके बहुधा तासास अठरा हजार, म्हणजे सेकंदास पांच. दिवसाचे चार लक्ष बत्तीस हजार. दिवसाकाठीं एक मिनिट चूक पडणें म्हणजे चौदाशें चाळिसांत एक भाग, आणि चांगलें घड्याळ याहून पुष्कळच कमी चुकतें. सोनें गंजत नाहीं म्हणून डबीस उत्तम, पण तें मऊ; झांकणाची कड झिजते, फट पडते, आणि वैनगंगेकांठच्या पावसाळ्याची ओल व हाताचा घाम आंत शिरतो. मग सोन्याच्या डबींत गंजलेलें पोलाद, असा देखावा दिसतो. पाण्यापासून जपणारी मळसूत्री डबी रोलेक्सनें १९२६ सालीं काढली. धक्क्यापासून तोलचक्राचा आंस वांचविणारी इन्काब्लॉक ही योजना त्यानंतर आठ-नऊ वर्षांनीं आली.

या यंत्राचा काळ संपविणारें घड्याळही सोन्याचेंच होतें, ही मौज आहे. जपानच्या सेइको कंपनीनें २५ डिसेंबर १९६९ रोजीं विक्रीस काढलेलें स्फटिकाचें पहिलें मनगटी घड्याळ अठरा कॅरट डबींत बसविलें होतें. आपल्याकडे सरकारी एच.एम.टी. कारखान्यानें १९६१ पासून चावीचीं घड्याळें घरोघरीं पोंचविलीं, आणि त्याचा घड्याळांचा विभाग २०१६ सालीं बंद झाला. त्याबरोबर लहान गांवांतील घड्याळजीही ओसरले. केसाएवढी कमान सरळ करणारा हात आतां तालुक्याच्या ठिकाणीं मिळणें कठीण.

आणि येथेंच खरी अडचण आहे. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनीं नवे दागिने चौदा कॅरटांवर आणून ठेवले. १९६८ च्या कायद्यांत दागिना, वस्तु आणि कच्चें सोनें असा भेद केला होता, आणि मनगटावर बांधलेलें घड्याळ दागिना मानावें कीं वस्तु, असा प्रश्न घरच्या माणसास सहज पडावा. तो कायदा १९९० सालीं गेला. आतां भीति कायद्याची नाहीं, भावाची आहे. २०२५ सालीं दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव एक लाख रुपयांवर गेला. आठ ग्रॅमची, म्हणजे सव्वाआठ माशांची, अठरा कॅरट डबी घ्या. तींत सहा ग्रॅम शुद्ध सोनें. म्हणजे साठ हजार रुपये. प्रसिद्ध नांव नसलेलें, बंद पडलेलें घड्याळ संग्राहक इतक्यास घेईलच असें नाहीं. मग सराफ डबी मुशींत टाकतो, यंत्र रद्दींत जातें, आणि ठसा, वर्षाचें अक्षर, पाठीवरचें नांव व घड्याळज्यांचे शेरे हीं एका क्षणांत नाहींशीं होतात. तांबटाच्या भट्टींत ताम्रपट गेल्याच्या कथा ऐकून आपण हळहळतों. हा प्रकार त्याच जातीचा असून आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. मालकास दोष देण्यांत अर्थ नाहीं. साठ हजार रुपये ही गोंडपिपरीच्या शेतकऱ्यास लहान रक्कम नव्हे, आणि त्यानें ती सोडावी असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. घड्याळ वितळणार असेल तर वितळो. पण त्यापूर्वीं त्याची नक्कल व्हावी, जशी आपण शिलालेखाचा ठसा घेतों. झांकण सुरीनें उचकटूं नये. तें घड्याळज्याकडून उघडवून आंतील ठशांचीं व शेऱ्यांचीं छायाचित्रें तिरप्या उजेडांत घ्यावीं, म्हणजे ओरखडे उठून दिसतात. यंत्राचा क्रमांक व डबीचा क्रमांक वेगवेगळे उतरावे. तेल सुकलेलें घड्याळ चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चावी देऊं नये. कोरड्या आंसाची झीज भरून येत नाहीं. घरांतील वडील माणसास घड्याळ कोणास, कोणीं, कोणत्या निमित्तानें दिलें हें विचारून त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें, आणि सांगणाऱ्याचें वय व लिहिल्याची तारीख घालावी. ही चिठ्ठी डबींत कोंबूं नये. कागदाचा तंतु चाकांत अडकतो व कागद ओल धरतो. ती वेगळ्या पाकिटांत ठेवून तिच्या माथ्यावर यंत्राचा क्रमांक लिहावा, म्हणजे पाकीट व घड्याळ निरनिराळ्या वारसांकडे गेलीं तरी पुढें जुळवितां येतात.